वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२, मृत्यू : सिद्धपूर, ८ एप्रिल १९५३) हे जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा भारतात पाया घालणारे उद्योगपती होते. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन, हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपन्यांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. परदेशी सुट्या भागांची जुळणी करणे आणि ते भाग आपल्या देशात घडविणे यांतील फरकासाठी त्यांनी आयुष्यभर झगडा दिला. तो कुर्ल्याच्या मोटार कारखान्याच्या वृत्तान्तात सर्वांत स्पष्ट दिसतो, म्हणून तो भाग येथे काहीसा विस्ताराने दिला आहे.

बालपण आणि शिक्षण

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि सोलापुरात स्थिरावले. घराणे दिगंबर जैन असून त्यांचा कापसाचा व सावकारीचा व्यवसाय होता. वडील हिराचंद नेमचंद हे समाजसुधारणेत रस घेणारे गृहस्थ होते. 'जैन बोधक' हे मराठी नियतकालिक त्यांनीच सुरू केले. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या आई वारल्या आणि त्यांचा सांभाळ घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी केला. १८९९ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय व पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे त्यांनी काही काळ शिक्षण घेतले, परंतु पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले. कापूस आणि सावकारी या दोहोंत त्यांचे मन रमले नाही.

ठेकेदारीचा आरंभ

रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांची ओळख झाली. फाटकांना रेल्वेच्या कामांची बारीक माहिती होती, तर वालचंदांच्या मागे घरचे भांडवल होते. दोघांनी भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाचा एक छोटा ठेका घेतला आणि 'फाटक-वालचंद' ही संस्था उभी राहिली. पुढे ती टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली. बोरघाटातील लोहमार्गासाठी खोदलेले नवे बोगदे हे या काळातील त्यांचे सर्वांत अवघड काम होय. घाटाची पश्चिमेकडील बाजू, म्हणजे कर्जतचा परिसर, तत्कालीन कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यात येतो. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी याच अनुभवातून निर्माण झाली. शेतीकडेही त्यांनी उद्योग म्हणूनच पाहिले. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील कळंब, म्हणजे नंतरचे वालचंदनगर, येथील माळरानांवर त्यांनी ऊसमळे आणि साखर कारखाने उभारले.

जहाज आणि विमान

पहिले महायुद्ध संपताच ग्वाल्हेरच्या सिंदिया संस्थानाची 'लॉयल्टी' ही आगबोट विक्रीस निघाल्याचे वालचंदांना आगगाडीच्या एका प्रवासात सहप्रवाशाकडून समजले, असे सांगितले जाते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या साहाय्याने त्यांनी ती विकत घेतली. जुन्या मालकाच्या नावावरूनच नव्या कंपनीचे नाव सिंदिया पडले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदियाला बुडविण्याचा प्रयत्न केला. अखेर १९२३ मध्ये कंपनीला जहाजांच्या वाढीवर मर्यादा घालणारा करार स्वीकारावा लागला. कोकण किनाऱ्यावर उतारूंच्या आगबोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे सिंदियाच्या समूहात आली, त्यामुळे किनाऱ्यावरील चाकरमान्यांच्या प्रवासाशीही वालचंदांच्या उद्योगाचा संबंध जुळला.

विकत घेतलेल्या जुन्या बोटींवर देशाचे नौकानयन उभे राहू शकत नाही, ही जाणीव त्यांना लवकर झाली. मुंबई व कलकत्ता येथे गोदीसाठी मनासारखी जागा न मिळाल्याने त्यांनी विशाखापट्टणम निवडले. तेथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली.

विमानांच्या कारखान्याची हकिगत अधिक त्रोटक आहे. १९३९ मध्ये पॅसिफिक महासागरावरून जाणाऱ्या प्रवासी विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी गाठ पडली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल देऊ केले, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. युद्धाची गरज म्हणून एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा खरेदी करून कारखाना हाती घेतला. त्याच महिन्यात जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि गोदीचे काम खोळंबले. वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाचे दोन कारखाने एका महिन्यात असे अडले. तरीही तिसऱ्याचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही.

मोटारीचा ध्यास

हिंदुस्थानात त्या वेळी मोटारी नव्हत्या असे नव्हे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला होता, आणि पाठोपाठ फोर्डनेही जुळणी सुरू केली होती. परंतु तेथे येणारी मोटार लाकडी पेट्यांत भरून बोटीने येई. कामगार ती बोल्टांनी जोडून रस्त्यावर उतरवीत. इंजिन, गिअरपेटी, अ‍ॅक्सल, चेसीस यांपैकी काहीही येथे घडत नसे. मोटारीचा खरा कारखाना हिंदुस्थानात निघावा, हा आग्रह सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात सातत्याने धरला होता. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर या योजनेला सरकारी सहानुभूती मिळाली. वालचंदांनी ती हाती घेतली.

१९३९ मध्ये ते अमेरिकेत गेले. फोर्ड कंपनीशी झालेल्या बोलण्यातून काही निष्पन्न झाले नाही, कारण हिंदुस्थानची बाजारपेठ कॅनडातील फोर्ड कंपनीच्या अखत्यारीत होती. त्यानंतर क्रायस्लर कंपनीशी बोलणी होऊन करार झाला. मात्र महायुद्ध सुरू झाले होते. मोटारींचा कारखाना हा युद्धाला आवश्यक असा उद्योग नाही, ही भूमिका घेऊन केंद्र सरकारने यंत्रसामग्रीसाठी लागणारे परकीय चलन आणि परवाने देण्यास नकार दिला. सैन्यासाठी हजारो लॉऱ्या परदेशांतून मागविल्या जात असताना घेतलेली ही भूमिका आजच्या वाचकाला विचित्र वाटेल. हिंदुस्थान हा परदेशी कारखान्यांचा गिऱ्हाईक राहावा, हेच धोरण तीमागे होते, असा वालचंदांचा आरोप होता.

क्रायस्लर आणि 'तरंगते इंजिन'

करार ज्या कंपनीशी झाला, तिच्या संस्थापकाची ओळख करून घेणे येथे उपयुक्त ठरेल. वॉल्टर क्रायस्लर (१८७५–१९४०) हा कॅन्सस राज्यात जन्मलेला रेल्वे कारखान्यातील मेकॅनिक. १९०८ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात त्याने लोकोमोबिल ही त्या काळची अत्यंत ऐटबाज मोटार पाहिली. तिची किंमत ५,००० डॉलर होती आणि त्याची शिल्लक सुमारे ७०० डॉलर. उरलेली रक्कम कर्जाऊ घेऊन त्याने गाडी आयोवातील ओल्वाइन गावी आपल्या घरी आणली. पण ती चालविली नाही. घरामागच्या कोठीत त्याने ती स्क्रूपर्यंत सुटी केली, प्रत्येक भागाची रेखाटने काढली, पुन्हा जोडली आणि पुन्हा सोडविली. हा उद्योग काही महिने चालला. मोटारीचा मर्म तिच्या जोडणीत कळतो, हे त्याला असे घरच्या घरी उमगले.

१९३१ मध्ये त्याच्या कंपनीने प्लिमथ मोटारीत एक सुधारणा आणली. तिचे नाव 'फ्लोटिंग पॉवर', म्हणजे तरंगती शक्ती. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक स्फोटाबरोबर इंजिन डावीकडे-उजवीकडे हिसका देते. ते चेसीसला घट्ट आवळलेले असेल, तर तो हिसका मोटारीच्या पत्र्यापत्र्यातून घुमत बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोहोचतो. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी इंजिन दोनच ठिकाणी टेकविले : एक टेकू पुढे उंचावर, पाण्याच्या पंपाखाली, दुसरा मागे गिअरपेटीच्या बाजूला खाली. या दोन टेकूंना जोडणारी कल्पित रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जात असे. दोन कड्यांना टांगलेला झोपाळा जसा आपल्याच अक्षावर झुलतो, तसे इंजिन त्या रेषेभोवती डोलू शके. टेकूंमध्ये लोखंडी पट्ट्यांना चिकटविलेले रबर असे, आणि ते डोलणे हद्दीत ठेवण्यासाठी बाजूला पोलादी पट्टीची स्प्रिंग असे. परिणाम असा झाला की स्वस्त मोटार महाग मोटारीसारखी गुळगुळीत चालू लागली. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीने १९३२ मध्ये हे तंत्र परवान्याने घेतले. आजच्या बहुतेक मोटारींतील इंजिनाचे रबरी टेकू, ज्यांना आपल्याकडील गॅरेजांत 'माउंटिंग' किंवा 'फाउंडेशन' म्हणतात, ते याच विचाराचे वंशज आहेत.

कुर्ल्याचा कारखाना

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदविण्यात आली आणि मुंबईत कुर्ला येथे कारखान्याची उभारणी सुरू झाली. मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या पाच महिने आधी, तेथून पहिली मोटार बाहेर पडली. डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या नावांच्या मोटारी आणि फार्गो, डॉज इत्यादी नावांच्या लॉऱ्या कुर्ल्यात तयार होऊ लागल्या. अमेरिकेत प्लिमथ ही नोकरदार कुटुंबाची गाडी. हिंदुस्थानात तीच लांबरुंद गाडी डॉक्टर, वकील, कारखानदार आणि संस्थानिकांच्या दारात उभी राहू लागली आणि श्रीमंती थाटाची मानली गेली.

आरंभी या मोटारीही पेट्यांतून आलेल्या भागांच्याच होत्या, ही गोष्ट वालचंदांच्या टीकाकारांनी वारंवार दाखवून दिली. ती खरीच होती. कारखाना एका दिवसात उभा राहत नाही. आधी जुळणी, मग एकेक भागाची निर्मिती, असा त्यांचा क्रम होता. परदेशी जुळणी-कारखान्यांचा असा कोणताच क्रम नव्हता, आणि वालचंदांच्या दृष्टीने हाच भेद महत्त्वाचा होता.

हा भेद मोटार बाळगणाऱ्याच्या अनुभवाला कसा भिडतो, हे रबरी टेकूच्याच उदाहरणाने समजते. रबर कायम टिकत नाही. इंजिनाच्या उष्णतेने ते कडक होते, गळणाऱ्या तेलाने फुगून मऊ पडते, आणि काही वर्षांनी लोखंडापासून सुटते. मग गाडी सुरू करताना किंवा गिअर टाकताना धडका बसतो, उभ्या गाडीत गिअरचा दांडा थरथरतो, पंख्याची पाती रेडिएटरच्या जवळ येतात. टेकू बदलण्याचे काम तसे साधे आहे. बॅटरीची तार काढावी, तेलाच्या टाकीखाली जाड फळी ठेवून तिच्यावर जॅकचा भार घ्यावा, टेकूचे बोल्ट सैल करावेत, इंजिन बोटभर उचलावे, जुना टेकू सरकवून काढावा, नवा बसवावा, आणि इंजिन आपल्या वजनाने स्थिर झाल्यावरच बोल्ट आवळावेत. फळी न ठेवल्यास पातळ पत्र्याची टाकी चेपते. इंजिनाखाली केवळ जॅकच्या भरवशावर हात घालू नये, हे जाणता मिस्त्री शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी सांगतो. घरच्या अंगणातही हे काम होते. अडते ते नव्या टेकूपाशी.

कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यासारख्या भागात ही अडचण दुहेरी होती. खाऱ्या वाऱ्याने चेसीसचे बोल्ट गंजून गच्च बसत, त्यामुळे ते सोडविण्यातच निम्मा दिवस जाई. मुंबई समुद्रातून समोर असली तरी रस्त्याने तिथे जायला पेण-पनवेलचा वळसा पडे. सुटा भाग आणायचा तर मुंबईहून रेवसच्या बोटीने. आणि मुंबईतही तो परदेशातून आला असेल तरच मिळणार. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई झाली, १९४९ च्या सुमारास पूर्ण तयार मोटारींच्या आयातीवर बंदी आली, आणि परदेशी सुटे भाग दुर्मीळ झाले. मग मिस्त्री जुन्या लॉरीच्या टायरचे जाड रबर कापून, भोक पाडून त्याचाच टेकू करीत. त्यावर गाडी चालते, पण टायरच्या रबरात कापडाचे पदर असल्याने ते हवे तसे दबत नाही, आणि जी थरथर शोषून घेण्यासाठी ही सारी रचना केली ती पुन्हा गाडीभर पसरते. रबराच्या मूठभर तुकड्यासाठी हजारो रुपयांची मोटार परदेशी बोटीची वाट पाहत उभी राहते, ही परिस्थिती वालचंदांना बदलायची होती. पूर्ण मोटार येथे घडविण्याचा त्यांचा हट्ट केवळ राष्ट्राभिमानाचा नव्हता. ज्याला भाग घडविता येत नाही, तो मोटारीचा मालक केवळ नावाचा, असा त्यामागे व्यवहाराचा विचार होता.

त्यांच्या उद्योगाला सरकारी संरक्षणाची गरज होती, आणि ते मागण्यात त्यांनी कधी संकोच केला नाही. स्पर्धेपासून मिळालेल्या या आडोशाचे दुष्परिणाम पुढील पिढ्यांतील ग्राहकांनी भोगले, हेही नमूद केले पाहिजे. भारतीय मोटारींचा दर्जा आणि वाण पुढची तीस वर्षे जवळपास थिजलेला राहिला. मात्र तो दोष १९४० च्या दशकातील मागणीत शोधण्यापेक्षा नंतरच्या परवाना-पद्धतीत शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

अखेरची वर्षे

१४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमला 'जलउषा' हे जहाज पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात उतरविण्यात आले. पुढच्याच वर्षी वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी सर्व व्यवसायांतून निवृत्ती घेतली आणि सिंदियाचे अध्यक्षपदही सोडले. कारभार त्यांच्या भावांकडे गेला. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. विशाखापट्टणमचा कारखाना १९५२ मध्ये मुख्यतः सरकारी मालकीचा होऊन हिंदुस्थान शिपयार्ड झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी सध्याच्या गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले.

मोटार उद्योगासंबंधी टॅरिफ कमिशनचा अहवाल त्याच वर्षी आला. ज्यांच्याकडे देशात निर्मिती करण्याचा कार्यक्रम नाही अशा जुळणी-कारखान्यांनी काम बंद करावे, असे धोरण त्यानंतर सरकारने स्वीकारले. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी देशातून काढता पाय घेतला. वालचंदांनी पंधरा वर्षे ज्या निर्णयाची मागणी केली होती, तो असा त्यांच्या मृत्यूनंतर झाला.

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंदांचे नाव देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुर्ल्याच्या कारखान्याने दरम्यान फियाट या इटालियन कंपनीशी करार केला होता. १९५४ पासून तेथे फियाट ११०० मालिकेतील मोटारी होऊ लागल्या आणि हळूहळू त्यांचे बहुतेक भाग देशातच घडू लागले. १९७० च्या दशकात याच मोटारीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घराघरांत ओळखली गेली, आणि तिचे 'फाउंडेशन रबर' शहरातील कोणत्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळू लागले. पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या अखेरीस थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली.